भाऊबिजेचं तेल

भाऊबिजेला भावानं बहिणीला काय घालावं याचा काही कायदा नाही. कुणी साडी घालतं, कुणी पाकीट घालतं, हल्ली मिक्सर घालणारेही निघाले आहेत. पण जयवंतराव शितोळ्यांनी त्या वर्षी आपल्या धाकट्या बहिणीला, कांचनला, जे घातलं ते तबकात मावलं नाही. ते पाटाशेजारी जमिनीवर ठेवावं लागलं. पंधरा लिटरची पांढरीशुभ्र बादली होती, तिच्यावर चंदेरी अक्षरं होती, आणि आत ट्रकच्या इंजिनात घालायचं सिंथेटिक तेल होतं. वर एक ब्लाउजपीस ठेवलेला होता. तोही तेलाच्याच रंगाचा होता.

"ब्लाउजपीस माझा," सुहासिनीवहिनी घाईनं म्हणाली. "बाकी सगळं तुझ्या दादांचं. माझा त्यात हात नाही."

कांचननं निरांजन खाली ठेवलं आणि बादलीकडे पाहिलं. "दादा, हे कशाला?"

"तुझ्या ट्रकला," दादा म्हणाले. कपाळावरच्या अक्षता पडू नयेत म्हणून ते मान न हलवता बोलत होते. "किती वर्षं ते साधं तेल ओतत राहणार आहेस? जग कुठे गेलं. साडी दोन वर्षांत विरते. हे तेल तुझ्या इंजिनाला दहा वर्षं तारून नेईल."

"माझ्या साड्या दोन वर्षांत विरत नाहीत," कांचन म्हणाली. पण बादलीला तिनं हळदकुंकू लावलं, कारण ओवाळणी ती ओवाळणी.

कांचनचा ट्रक तेवीस वर्षांचा होता. तिच्या नवऱ्यानं, विश्वासरावांनी, तो नवाकोरा घेतला होता. सहा वर्षांपूर्वी विश्वासराव गेले तेव्हा दारात दोन ट्रक होते, एक जुना आणि एक नवा. कांचननं नवा विकला आणि जुना ठेवला. सगळ्या नातेवाइकांनी तिला नेमकं याच्या उलटं करायला सांगितलं होतं. पण नव्या ट्रकचा आवाज तिला ओळखता येत नव्हता आणि जुन्याचा येत होता. बडोद्यातल्या गोरव्याच्या नाक्यावर तो गिअर बदलायचा, तेव्हा स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तिला कळायचं, की आज माल जास्त भरलाय. रोज सकाळी आठला तो गोरव्यातल्या एका कारखान्यातून लोखंडाचं ओतकाम भरून हालोलला जायचा आणि दुपारी परत यायचा. त्या एका फेरीवर तिचं घर चालत होतं. कारखान्याचे मॅनेजर भले गृहस्थ होते, पण त्यांचं घड्याळ भलं नव्हतं. ट्रक दोन दिवस आला नाही तर ते चौकशी करत. आठवडाभर आला नाही तर दुसरा ट्रक बघत.

आणि दादांचं म्हणाल तर त्यांनी बत्तीस वर्षं रिफायनरीच्या प्रयोगशाळेत काढली होती. तेलाचा नमुना काचेत धरून उजेडाकडे बघायचा, हुंगायचा, तपासायचा आणि सही करायची. त्यांची सही झाल्याशिवाय टँकर फाटकाबाहेर पडत नसे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत सगळं जगच त्यांच्या सहीशिवाय फाटकाबाहेर पडू लागलं होतं. पुण्याच्या मुलानं गाडी घेतली ती त्यांना न विचारता. सुभानपुऱ्याच्या त्यांच्या सोसायटीत जनरेटरच्या तेलावर मीटिंग झाली, तिचं बोलावणं त्यांच्या शेजाऱ्याला आलं. वहिनी तर त्यांना फोडणीच्या तेलावरही बोलू देत नसे. घरात नवं तेल आलं की ते वाटीत घेऊन खिडकीशी उभे राहत आणि वहिनी येऊन ती वाटी काढून घेई.

हे सगळं कांचनला ठाऊक होतं. म्हणून बादली बघून तिला हसू आलं तसंच गलबलूनही आलं. ज्या माणसाला कुणी काही विचारत नाही, त्यानं शेवटी न विचारताच उत्तर आणून दारात ठेवलं होतं.

नको असलेली साडी कपाटात ठेवून देता येते, भाऊ काही कपाट उघडून बघायला येत नाही. पण दादा निघताना चपला घालता घालता म्हणाले, "लाभपाचमेला सकाळी मी येतो. तुझं तेल त्याच दिवशी बदलतात ना? मी माझ्या हातानं ओतणार."

तो विश्वासरावांचा नेम होता. दिवाळीत बंद पडलेलं बडोदं लाभपाचमेला पुन्हा उघडतं. दुकानदार गल्ल्याची पूजा करतात, विश्वासराव ट्रकचं जुनं तेल काढून नवं घालत आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत. कांचननं तो नेम मोडला नव्हता. त्यासाठी नेहमीचं साधं तेल तिनं धनत्रयोदशीलाच आणून जिन्याखाली ठेवलं होतं. भाऊबिजेपासून लाभपाचम तीन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मगनभाई मिस्त्रींच्या घरी साल मुबारक करायला गेली. गुजराती नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला कुणीही कुणाकडे जाऊ शकतं, त्यामुळे कशाला आलात हे कुणी विचारत नाही. ट्रक नवा होता तेव्हापासून मगनभाईच त्याला बघत आले होते. मराठी गिऱ्हाइकांच्या संगतीत त्यांचं मराठी त्यांच्या गॅरेजसारखंच झालं होतं, जुनं आणि ठिकठिकाणी जोडकाम केलेलं.

"साल मुबारक, बेन. बेसो," म्हणून त्यांनी मठियांची, दिवाळीतल्या त्या कुरकुरीत पापड्यांची, ताटली पुढं केली. कांचननं बादलीची सगळी हकीकत सांगितली. मगनभाईंनी मठिया मोडला आणि बराच वेळ चावला.

"तेल खराब नथी," ते म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास. नव्या इंजिनमध्ये घाला, दुवा देणार. पण आपली तर डोशी, म्हातारी आहे ने, बेन. तेवीस वरसचा काळा गाळ आत बसलाय. मागचं तेल अडवायचं सील कधीच घासून गेलं. तरी गळत नाही, कारण शुं? गाळानंच भोक बुजवलंय. हे तुमचं नवं तेल साफसफाईवाळं. दिवाळीत घर धुतो तसं कानाकोपरा धुणार. गाळ निघाला की भोक मोकळं. तेल सगळं क्लचवर. मग इंजिन उतरवायचं."

"किती दिवस लागतील?"

"जुने पार्ट शोधायचे. महिनो, दीड महिनो."

"आणि साधं घातलं तर?"

"तर डोशी आपल्या चालीनं चालणार. हजी, अजून पाच वरस."

दीड महिना ट्रक उभा राहिला, तर मॅनेजरांच्या घड्याळात तो कधीच परत आला नसता. कांचननं पदरानं तोंड पुसलं. "दादाला तुम्हीच समजावून सांगाल का?"

"सांगू ने. का नाही?"

पण ते 'हो' म्हणाले आणि कांचनला पुढचं चित्र दिसलं. बत्तीस वर्षं टँकर अडवणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये उभं करून मिस्त्री सांगतोय, की साहेब, तुमचं तेल चालणार नाही. दादा काही बोलले नसते. "असं का? बरं," एवढंच म्हणाले असते आणि बादली उचलून रिक्षात ठेवली असती. ते 'बरं' तिला ऐकायचं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मी आले होते हेसुद्धा कुणाला सांगू नका, मगनभाई."

"मी तर मुका," मगनभाई म्हणाले आणि त्यांनी दुसरा मठिया घेतला.

उरलेलं काम ड्रायव्हरला विश्वासात घेऊन करावं लागलं. ड्रायव्हरचं नाव नंदू होतं. वय पंचावन्न, मिश्या पांढऱ्या, तीन नातवंडं, तरी गोरव्यात तो नंदूच राहिला होता. दोघांनी मिळून गच्चीवरचा सिंगतेलाचा रिकामा डबा उतरवला. बडोद्यात शेंगदाण्याच्या तेलाला सिंगतेल म्हणतात आणि ते डब्यानंच घेतात, त्यामुळे असा पत्र्याचा चौकोनी डबा कुठल्याही घरात सापडतो. डबा धुऊन, वाळवून, त्यात दादांचं सिंथेटिक तेल ओतलं. मग जिन्याखालचं साधं तेल दादांच्या बादलीत ओतलं. नंदूनं बादलीचं झाकण गुडघ्यानं दाबून असं बसवलं, की ते कधी उघडलंच नव्हतं असं वाटावं. डब्याचं बूचही त्यानं तसंच ठोकून पक्कं केलं. साध्या तेलाचा रिकामा कॅन तो लगेच भंगारवाल्याला देऊन आला.

"पुरावा कशाला ठेवायचा, वहिनी," तो कांचनला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच गुन्हा करत असल्यामुळे त्यानं तो फार नीटनेटका केला होता.

लाभपाचमेला दादा साडेनऊला गॅरेजमध्ये हजर झाले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. खिशाला दोन पेनं होती आणि हातात शंभर पानी वही. ट्रकखालचा बोल्ट काढून मगनभाईंनी जुनं तेल काढलं, बोल्ट परत बसवला आणि नरसाळं लावलं. मग दादांनी बादली उचलली. ती उचलून ते नुसतेच उभे राहिले.

"कांचन," ते म्हणाले, "तुझी मनापासून इच्छा असेल तरच हं. मी दिलंय म्हणून घालायला पाहिजे असं काही नाही."

कांचनला वाटलं, एवढा मान मिळाल्यावर माणूस थोडे आढेवेढे घेणारच. "इच्छा आहे म्हणून तर बोलावलं," ती म्हणाली. "ओत, दादा."

दादांचे हात थरथरत होते. वयामुळे असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तिला अपराधी वाटलं. त्यांनी झाकण उघडलं, बादली नाकाशी नेली, एक बोट बुडवून अंगठ्यावर घासलं. नंदूनं देवाचं नाव घेतलं. मगनभाई शेजारच्या टेम्पोचं चाक जन्मात पहिल्यांदा चाक दिसल्यासारखं निरखत होते. दादांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि मग घळाघळा सगळं तेल ओतून टाकलं. हात अगदी स्थिर होते.

"उत्तम तेल आहे," ते म्हणाले आणि वही उघडून काहीतरी लिहायला बसले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन येऊ लागला. तेलाचा दाब किती, काटा कुठं आहे, मोजपट्टीवर तेल किती, रंग कसा, रात्रभर ट्रकखाली वर्तमानपत्र पसरलं होतंस का, थेंब पडले का. कांचन अंगणात ट्रकपाशी जाऊन एकेक उत्तर देई आणि पलीकडे पेनाची कुरकुर ऐकू येई. तेलाचं झालं की मग गुडघे, मग पुण्याचा नातू, मग वहिनीनं काल भाजीत मीठ किती घातलं. अर्धा तास सहज जाई. खोटं बोलावं लागे असंही नव्हतं, कारण काटा खरोखर चारवर असे आणि वर्तमानपत्र खरोखर कोरडं असे. फक्त श्रेय चुकीच्या तेलाला जात होतं. फोन ठेवला की तिला दर वेळी थोडंसं टोचायचं. आपण दादाला पोरासारखं खेळवतोय असं वाटायचं. पण मागच्या दोन वर्षांत त्यांचा आवाज इतका टवटवीत तिनं ऐकला नव्हता, म्हणून ती ते टोचणं सोसत राहिली.

सिंथेटिक तेलाचा डबा जिन्याखाली, गव्हाच्या कोठीमागं होता. त्याचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. विकायचा तर ओवाळणी विकल्यासारखं होतं, आणि वापरायचा कुठे? तो तिथंच राहिला. मग नव्या शेंगांचा हंगाम आला आणि दरवर्षीप्रमाणे तिनं घाणीवाल्याकडे दोन डबे सांगितले, एक आपल्यासाठी आणि एक वहिनीसाठी. आपला तिनं लगेच फोडून स्वयंपाकघरात नेला. वहिनीचा आणणाऱ्या माणसानं जिन्याखाली सरकवला, आणि जागा करायला कोठी थोडी हलवली. आता तिथं दोन डबे शेजारी शेजारी उभे राहिले. दोन्हींवर शेंगदाण्यांची चित्रं होती आणि दोन्हींची बुचं पक्की होती.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी कांचन तीळ, गूळ आणि शेजारच्या पोरांसाठी पतंग आणायला लहरीपुऱ्याच्या बाजारात गेली. गर्दीतून सुटून घरी यायला तीन वाजले. किल्ली घ्यायला शेजारच्या कमलाबेनकडे गेली, तर त्या म्हणाल्या, "तमारी भाभी आव्या हता. रिक्षात डबो लई गया. कहे, उंधियू बनाववानुं छे, पंधर माणस छे."

कांचन जिन्याखाली वाकली. एकच डबा होता. बूच उचकटायला तिची बोटं पुरेनात, शेवटी उलथन्यानं काढलं. आतून ताज्या शेंगदाण्यांचा गोड वास आला. इतका चांगला वास येऊन माणूस हादरण्याचा प्रसंग क्वचितच येत असेल.

उंधियूच्या भाजीला तेल थोडंथोडकं लागत नाही. बुडेल इतकं लागतं. पंधरा माणसं जेवणार, त्यात दादा. तिनं वहिनीला फोन लावला, उचलला नाही. दादांना लावला, नुसताच वाजत राहिला. सगळ्या बडोद्याच्या गच्च्यांवर आदल्या दिवसापासूनच स्पीकर लागले होते, सुभानपुऱ्यात तोफ उडाली असती तरी ऐकू गेली नसती. रिक्षा मिळेना. नंदू नुकताच हालोलहून येऊन ट्रकपाशी चहा पीत होता.

"चल," ती म्हणाली. खरा डबा त्याच्या हातात दिला आणि स्वतः केबिनमध्ये चढली. नवरा गेल्यापासून ती ड्रायव्हरशेजारच्या त्या सीटवर बसली नव्हती. नंदूनं चावी फिरवल्याबरोबर इंजिन एका दमात सुरू झालं.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं हात आडवा केला. "बेन, हेवी वेहिकल अंदर नहीं." कांचननं वाद घातला नाही. ट्रक फाटकात आडवा सोडून ती उतरली आणि जिना चढली. मागून डबा घेऊन नंदू.

वहिनीच्या ओट्यावर सगळ्यात मोठं पातेलं होतं. त्यात पापडी, कंद, वांगी, मेथीचे मुटके रचून ठेवले होते, आणि ते कोरडं होतं. हे तिनं सगळ्यात आधी पाहिलं आणि मग दाराला टेकली. खाली जमिनीवर दादा मांडी घालून बसले होते, पुढ्यात उघडा डबा, हातात काचेचा पेला. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता.

"तू तरी बघ गं," वहिनी म्हणाली. "मी बूच उघडलं मात्र, आणि हे बाहेरच्या खोलीतून पेपर टाकून धावत आले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, स्वयंपाकघराकडे धावताना मी यांना पहिल्यांदा पाहिलं."

दादांनी पेला खाली ठेवला. "कांचन," ते शांतपणे म्हणाले, "डब्यावर शेंगदाण्याचं चित्र आहे. आत मात्र माझी भाऊबीज आहे."

मग कांचननं सगळं सांगितलं. मगनभाईंच्या घरचे मठिये, गाळानं बुजलेलं सील, गच्चीवरचा डबा, नंदूचा गुडघा. सांगताना ती दादांकडे बघत नव्हती. "तुला फसवलं मी," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर नाही म्हणवलं नाही माझ्यानं. तू रागाव. पण बोल काहीतरी. नुसतं 'बरं' म्हणू नकोस."

दादा गुडघ्यावर हात टेकून उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि शंभर पानी वही घेऊन आले. "पहिलं पान वाच."

वहीत नमुन्याच्या बाटल्यांवर असायचं तसलं टपोरं, सरळ अक्षर होतं. 'लाभपाचम. सकाळी साडेनऊ. तेल: साधं, नेहमीचं. स्थिती: उत्तम. ओतणारा: मी. कांचनला कळू द्यायचं नाही.'

कांचननं ते दोनदा वाचलं.

"बत्तीस वर्षं मी तिथं काय गवत उपटत होतो?" दादा म्हणाले. "झाकण उघडलं तेव्हाच कळलं. बोट बुडवलं ते खात्री करायला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीसुद्धा मगनभाईंकडे साल मुबारक करायला गेलो होतो. म्हटलं, इंजिनाबद्दल जरा नीट विचारून घेऊ. आधी विचारायला हवं होतं, ते मागाहून विचारलं. त्यांनी मला तेच सांगितलं, सील आणि गाळ. माझं पुस्तक बरोबर होतं गं, पण ते या ट्रकचं नव्हतं." दादांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आता ओवाळणीत घातलेलं परत कसं मागायचं? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मगनभाईंना म्हटलं, मी आलो होतो हे कुणाला सांगू नका. ते म्हणाले, मी तर मुका."

नंदू दारात डबा खांद्यावर घेऊनच उभा होता. तो खोकला.

"त्या दिवशी बादली हातात घेतली आणि मनात म्हटलं, ही निसटून पडली तर बरं. विश्वासरावांचा ट्रक मी माझ्या हातानं बंद पाडणार होतो. तुला विचारलंसुद्धा, इच्छा आहे ना म्हणून, तर तू म्हणालीस, ओत. मग झाकण उघडलं आणि साध्या तेलाचा वास आला." दादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कांचन, इतका चांगला वास मला आयुष्यात कुठल्याच तेलाचा आलेला नाही."

कांचन हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. दोन महिने ती दादाला जपत होती, आणि दादा तिला तसं जपू देत होते. मग तिच्या मनात आलं ते तिनं विचारूनच टाकलं. "तुला माहीत होतं नेहमीचंच तेल आहे, मग दर रविवारी फोन कशाला करत होतास? साध्या तेलाचं काय एवढं तपासायचं?"

दादांनी वही मिटली आणि तिच्यावरची नसलेली धूळ झटकली. उत्तर वहिनीनं दिलं, नंदूकडून खरा डबा घेता घेता.

"रविवारी दहाला फोन करायचा म्हणून नऊला दाढी करतात," ती म्हणाली. "फोनवर कुणाला दिसणार आहे, देव जाणे."

"सुहास, तू उंधियू बघ," दादा म्हणाले.

उंधियू छान झाला. नंदूला डबा भरून दिला. सिंथेटिक तेलाच्या डब्यावर दादांनी चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत 'खायचं नाही' असं लिहिलं आणि खाली सवयीनं सही केली.

पुढच्या रविवारी कांचन साडेनऊलाच कामं आटपून बसली. दहा वाजले, फोन आला नाही. सव्वादहाला तिनं फोन चार्ज आहे का ते पाहिलं. साडेदहाला तिला कळलं, की आता तो येणार नाही. गुपित होतं तोवर दादांना विचारायला काहीतरी होतं. आता साध्या तेलाची चौकशी करायची तर बहिणीला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. एवढी वर्षं मोठा भाऊ म्हणून वागलेला माणूस, निमित्त नसताना फोन कसा करणार? दोन महिने टोचणारं ते खोटं संपलं होतं आणि तिला अजिबात हलकं वाटत नव्हतं.

ती अंगणात गेली. ट्रकखालचं वर्तमानपत्र ओढून बघितलं. पट्टी काढून फडक्यानं पुसली, पुन्हा घालून काढली आणि उन्हात धरली. केबिनमध्ये चढून इंजिन सुरू केलं. काटा स्थिरावेपर्यंत थांबली. मग तिनं स्वतः फोन लावला.

पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"दादा," ती म्हणाली, "दाब चार आहे. तेल वरच्या खुणेला. रंग काळा झालाय, पण चिकट नाही. आणि एक विचारायचं होतं. गारठ्यात सकाळी पहिल्या चावीला उठत नाही, दुसऱ्या चावीला उठतो. नंदू म्हणतो बॅटरी, मगनभाई म्हणतात डिझेल. तुला काय वाटतं?"

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

"सांगतो," दादा म्हणाले. "एक मिनिट, लिहून घेऊ दे. वही इथं हाताशीच आहे."